सोबत आलेली

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सर्व ठीक. खोलीतला नळ दुरुस्त झाला, शेजारीण मात्र अजून माझीच बादली वापरते.

तुझं पत्र मिळालं. या वयात कॉलेज, आणि वर वेड्यांच्या डॉक्टरकडे खेटे, बाडबिस्तरा गुंडाळ आणि घरी ये, असं लिहिलंस. कुणी कान भरले ते विचारत नाही. पण अर्धंच सांगितलंय, म्हणून उरलेलं मी लिहिते.

आमच्या नर्सिंगच्या वर्गात चाचणी होती. माझ्या बाकावरची चिमणी, एकोणीस वर्षांची पोर, कोरा पेपर देऊन रडायला लागली. मागच्या बाकावरच्या दांडगोबाने स्वतःचा पेपर टराटरा फाडला. आणि तुझ्या चव्वेचाळीस वर्षांच्या बहिणीने कोरा पेपर नीट घडी घालून टेबलावर ठेवला. सरांनी चिमणीला समुपदेशक बाईंकडे पाठवलं, दांडगोबाला प्राचार्यांकडे. मला म्हणाले, या वयात विसरायला होतंच, मनाला लावून घेऊ नका, आणि जरा हिच्यासोबत जा.

गेले. बाईंनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "आई, मुलगी घरी नीट जेवते ना?" चिमणी रडता रडता हसली. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पुढच्या खेपेलाही तिची पिशवी सांभाळत तशीच बसले. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र ती बाहेर आली आणि मी आत शिरले. बाईंना वाटलं, मुलीची चौकशी करायला आले.

"मी तिची आई नाही," मी म्हटलं. "मीही इथलीच विद्यार्थिनी. माझाही पेपर कोरा होता."

बाई ओशाळल्या. मग उठून त्यांनी दार लावून घेतलं.

ताई, प्रश्न काय होता माहीत आहे? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस कशी बदलावी. आईची मी तीन वर्षं बदलली. ती झोपेत गेली, असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं. ती झोपेत नाही गेली. मी तिला कुशीवर वळवत होते, माझ्या हातांवर गेली. माझंच काही चुकलं का, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तुम्ही सगळे म्हणालात, ही खंबीर आहे. विचारलं कुणीच नाही.

आता मी दर आठवड्याला जाते, उजळ माथ्याने जाते. सरांनाही तोंडावर सांगितलं, की तुम्हाला रडणारी पोरगी तेवढी दिसते. त्या दांडगोबालाही तिकडेच पाठवा, आणि माझं वय काढू नका. सर चष्मा पुसत राहिले. त्यांनी नाही पाठवलं, तर मी नेईन त्याला.

कॉलेज सोडणार नाही. महिनाअखेरीस फेरपरीक्षा आहे. तोच प्रश्न आला तर या खेपेला लिहीन. तू रागावशील, खुशाल रागाव. पण आई कशी गेली हे आता तुलाही ठाऊक झालं. यापुढे मी ते ओझं एकटीने वागवणार नाही.

तुझी,
खंबीर वगैरे नसलेली,
धाकटी