थोरल्या भावाची मिशी

नागपूर,
२ सप्टेंबर २०२४

ती. सिंधूताईंना,
प्रेमलताचा प्रभूत सलाम. वि. वि.

पत्र लिही म्हणून तुम्ही हुकूम सोडला, म्हणून लिहून राहिली. फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही हे कबूल. पण जी संडे स्कूल शिकवते तिनं पंधरा दिवसांत एक पान लिहिलंच पाहिजे, हा कायदा कोणत्या शास्त्रात आहे ते सांगा. मी तिसरी शिकलेली बाई. रामदासपेठेतल्या मेसमध्ये रोज तीनशे पोळ्या लाटते, त्याचं काही वाटत नाही. हे अर्धं पान लिहायले दोन दिवस लागले. श्वेता बाजूले बसून अक्षरं दाखवते आणि हसते. पोटची पोरगी आहे, नाही तर लाटणं हाणलं असतं.

तुमचा पाय मोडला आणि तुम्ही सावनेरले लेकाकडे, अश्विनकडे गेल्या. जाता जाता तीस वर्षांचा वर्ग माह्या गळ्यात टाकला. मले विचारलं पण नाही. भावजय म्हणजे काय पिशवी ठेवायची खुंटी आहे? असो. पोरं अकरा. गोलू सगळ्यात वांड, प्रत्येक गोष्टीत देवाची चूक काढते. मयुरा आठ वर्षांची, दीड महिन्यात एक शब्द बोलली नाही. चर्चच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी रुपरावजी दर रविवारी हॉलच्या दारात मिशीले पीळ देत उभे राहून पाहतात, आत काही येत नाहीत. त्यायचं म्हणणं, भिंतीवर मोठा टीव्ही लावू, बायबलची कार्टूनं लावू, शिकवणारीची गरजच नाही.

तुमची चित्रांची पिशवी मिळाली. भिंतीवर कांबळं टांगायचं आणि फ्लॅनेलचे कापलेले मोशे, पेत्र, मेंढरं त्याच्यावर ठेवायचे, ना डिंक ना टाचणी, तरी चिकटून राहतात. मीच तोंड उघडं टाकून पाहत होती. पोरायचे तेलकट हात लागून लागून माणसं काळी पडली होती मात्र.

एक सहज विचारते. फ्लॅनेलले गरम पाणी चालते का?

चुकलंमाकलं पोटात घाला, आणि पायावर जोर देऊ नका.
तुमची
प्रेमलता


सावनेर,
८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. प्रेमलता हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. कोंबडी चालून गेल्यासारखं अक्षर आहे, पण कोंबडी कुठून निघाली आणि कुठे गेली ते कळतं. तेवढं पुरे. पलस्तर निघालं, हातात काठी आली. अश्विन मला अंगणाच्या फाटकापलीकडे जाऊ देत नाही. लहानपणी मी त्याला जाऊ देत नसे, त्याचं उट्टं काढतो आहे.

फ्लॅनेलला पाणी लावायचंच नसतं, गरम तर मुळीच नाही. सावलीत झटकायचं, बस. तू का विचारलंस? ती चित्रं मी लग्नाआधीपासून एकेक कापून रंगवली आहेत. बेचाळीस माणसं, नऊ मेंढरं, एक उंट. योसेफाचा अंगरखा रंगवताना बाबा शेजारी बसून ब्रश धुऊन देत होते. परत विचारते, तू का विचारलंस?

१० नोव्हेंबरला बालरविवार. मुलं सगळ्या मंडळीसमोर धडा सादर करतात, तुला ठाऊक आहे. या वर्षी उधळ्या पुत्राची, बापाचं धन उडवून परत घरी येणाऱ्या धाकट्या पोराची गोष्ट घे. चित्रांसह. मी येणार आहे.

माया आहे म्हणूनच रागावते, हे ध्यानात असू दे.
तुझी
सिंधूताई


नागपूर,
२३ सप्टेंबर २०२४

ती. सिंधूताईंना,
प्रभूत सलाम. वि. वि.

चित्रं आहेत. पिशवीत आहेत. आता पुढचं ऐका.

सध्या मी गोष्टी चित्रांशिवायच घेऊन राहिली. पोरायले गप बसवत नाही, मले उगाच बोलवत नाही, म्हणून आम्ही गोष्टी सांगत नाही, करतो. खमिराचा धडा होता तर मैद्यात खमीर घालून पातेलं हॉलमध्ये झाकून ठेवलं. उपासना संपेपर्यंत ते झाकण ढकलून बाहेर आलं. देवाचं राज्य कसं वाढते ते पोरायले समजलं, आणि चटई घासायले मले पाऊण तास लागला.

काल हरवलेल्या मेंढराचा धडा होता. डोकी मोजली तर दहा. मयुरा नाही. दहा जणायले सांगितलं की तुम्ही नव्व्याण्णव आहात, रानात बसा, हलायचं नाही, आणि मी निघाली. ती हॉलमागच्या पाण्याच्या टाकीआड बसली होती. वचन पाठ झालं नव्हतं. आता मलेच पाठ होत नाही, तिले काय बोलू? मेंढपाळानं खांद्यावर घेतलं असं लिहिलं आहे, म्हणून मी खांद्यावर घेतलं. कंबर अजून धरून आहे. वळून पाहते तर दहाही पोरं माह्या मागं. गोलूचं म्हणणं, सगळे शोधायले गेले तर लवकर सापडते, मेंढपाळाले हे सुचायले पाहिजे होतं.

एवढ्यात रुपरावजी आले आणि त्यायनं रिकामा हॉल पाहिला. मग काय, संध्याकाळी पंचकमिटी. मी उभी. त्यायनं सांगितलं की पोरं मोकाट सुटली, ना वचन ना पाठांतर, सगळा पोरखेळ. शेवटी ठरलं असं: बालरविवारी ते स्वतः माईकवर पोरायले प्रश्न विचारतील. उत्तरं आली तर वर्ग राहील, नाही आली तर पुढच्या रविवारपासून टीव्ही. पाळकसाहेब खाली मान घालून बसले. मी भर सभेत हो म्हणून आली. राग आला की मी हो म्हणते, तुम्हाले माहीत आहे.

तुम्ही दहा तारखेले यायची घाई करू नका. रस्ता खराब आहे.

राग नसावा, झालाच तर पत्रात लिहू नका.
तुमची
प्रेमलता


सावनेर,
३० सप्टेंबर २०२४

चि. सौ. प्रेमलता हिस,
अ. उ. आ.

खांद्यावरच्या मेंढराचं वाचून मी इतकी हसले की सून पाणी घेऊन धावत आली. त्याबद्दल तुला शाबासकी.

पण मी दोनदा एक प्रश्न विचारला आणि तू तोंड फिरवलंस. पेत्रानंही शेकोटीपाशी येशूला ओळखत नाही म्हणून हेच केलं होतं. कोंबडा आरवायच्या आत खरं काय ते लिही.

उत्तराची वाट पाहणारी
सिंधूताई


नागपूर,
७ ऑक्टोबर २०२४

ती. सिंधूताईंना,
प्रेमलताचा सलाम.

धुतली.

सगळी धुतली. बेचाळीस माणसं, नऊ मेंढरं, उंट. देवाची माणसं अशी मळकी बरी दिसत नाहीत म्हणून मेसमधल्या मोठ्या बादलीत उकळतं पाणी घेतलं, पावडर टाकली आणि तासभर भिजू घातली. वाटलं, ताई येईल, चकचकीत पाहून खूश होईल. योसेफाच्या अंगरख्याचा लाल रंग सुटला. आता इस्राएलचे सगळे लोक गुलाबी आहेत. दाढ्या गेल्या, डोळे गेले, कोण मरीया आणि कोण पिलात सांगता येत नाही. मोशे आटून लिंबाएवढा झाला. मेंढरायचा एक गोळा झाला, तो सुटत नाही.

तुमच्या पहिल्या पत्राच्या आठ दिवस आधीच हे झालं होतं. पिशवी हॉलमधल्या चटयांच्या खाली लपवली. तुमच्या बाबांचा हात लागलेली वस्तू होती ती. मले माफी मागता येत नाही, आमच्या घरी कोणी मागितलीच नाही कधी. पण लाटताना पोळी जळून राहिली तरी ध्यान राहत नाही, असं झालं आहे.

म्हणून ठरवलं. दहा तारखेचा शब्द दिला आहे तेवढा पाळते, आणि मग वर्ग सोडते. येऊ द्या टीव्ही. तो निदान काही धूत नाही.

पुढं लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.
प्रेमलता


सावनेर,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रेमलता,

पत्र वाचून रडले. बाबांसाठी रडले. दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही घरात. तिसऱ्या दिवशी लिहायला बसले.

वर्ग मी तुला दिला आहे, तो माझ्या परवानगीशिवाय सोडता येणार नाही. पिशवी चटयांखालून काढ. मुलांसमोर ओत आणि तू काय केलंस ते त्यांना तुझ्या तोंडानं सांग. उधळ्या पुत्राची गोष्ट शिकवणार आहेस ना? मग आधी तू घरी ये.

आशीर्वाद आहेच. तो धुऊन जात नाही.
सिंधूताई


नागपूर,
११ नोव्हेंबर २०२४

ती. सिंधूताईंना,
प्रभूत सलाम, आणि आधी टेकून बसा. श्वेता लिहून देते म्हणत होती, मी हाकलून दिली. हे मलेच लिहायचं आहे.

डॉक्टरनं तुम्हाले प्रवास नको म्हटला, हा अश्विनचा निरोप शनिवारी आला. पहिले वाटलं सुटली, आणि मग रडू आलं. दोन्ही खरं.

तुम्ही सांगितलं तशी पिशवी पोरायसमोर ओतली होती. मी केलं म्हणून सांगितलं. कोणी हसलं नाही. गोलूनं एकेक माणूस उचलून पाहिला आणि विचारलं, यायचे चेहरे कुठं गेले. मी म्हटलं, बादलीत. मयुरा उठली, दप्तरातून स्केचपेन काढला आणि एका कोऱ्या माणसाले चश्मा काढून राहिली. मग सगळीच पोरं बसली. मी म्हटलं करा, याच्याहून वाईट काय होणार. दोन रविवार त्यायनं तेच केलं. मी जवळ जाऊन पाहिलं नाही. माह्यानं त्या कापडांकडं पाहवत नव्हतं.

काल चर्च गच्च भरलं. रुपरावजी माईकवर आले, हातात पुस्तक. उधळा पुत्र कोणत्या शुभवर्तमानात आहे, अध्याय कितवा, ओव्या किती, हे त्यायचे प्रश्न. अकरा पोरं, अकरा तोंडं बंद. मंडळीत कुजबुज सुरू झाली. रुपरावजींनी पुस्तक मिटलं. मले राग आला, आणि रागानं मी उभी राहिली. म्हटलं, कुठं लिहिलं आहे ते पोरायले नाही माहीत. काय झालं ते माहीत आहे. ते विचारा.

त्यायनं विचारायच्या आधीच गोलूनं कांबळं उघडलं.

ताई, मी पहिल्यांदाच पाहिलं. गुलाबी माणसं, आणि सगळ्यायले चेहरे. बापाच्या डोळ्यावर तुमचा चश्मा, जाड काड्यांचा, एका बाजूले दोरा बांधलेला. घर सोडून गेलेल्या पोराच्या डोक्यावर माहा अंबाडा. पोरगा आणि त्याले अंबाडा! मेंढरायचा गोळा आहे तोच पैसे उडवून पोरगा राखते तो डुकरायचा कळप. पोरं गोष्ट करायले लागली, कोणी सांगायले लागलं, कोणी कापडं सरकवायले. बाप धावत गेला तेव्हा गोलू खरंच वेदीपासून दारापर्यंत धावला आणि पाळकसाहेबांच्या आईले मिठी मारून आला.

मग थोरला भाऊ आला. जो धाकट्याच्या मेजवानीवर रागावून दाराबाहेर उभा राहते आणि जेवायले आत येत नाही, तो. त्याले मिशी काढली होती. वर वळलेली, टोकाले पांढरी. बायकांच्या बाजूनं पहिले कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं चर्च हसलं. नागपुरात तशी मिशी एकच आहे.

मी मनात म्हटलं, संपलं. रुपरावजी कांबळ्याजवळ गेले, आपला चश्मा वर करून मिशीकडं पाहत राहिले. परत माईकवर आले आणि पुस्तक न उघडता विचारलं, की तो थोरला भाऊ शेवटी आत गेला का नाही.

मी श्वेताकडं पाहिलं, तिनं माह्याकडं. तेव्हा मयुरा उठली. माईक तिच्या डोक्याच्या वर होता, तो तिनं दोन्ही हातांनी खाली ओढला आणि सांगितलं की ते लिहिलंच नाही. बाप बाहेर येऊन बोलावून गेला, जेवण वाढलेलं आहे, आता भावानंच ठरवायचं आहे. आणि जागेवर जाऊन बसली. चार महिन्यांत बोलली ते एवढं.

टाळ्या वाजल्या त्या माह्या कानात अजून आहेत. पण खरी गोष्ट पुढं आहे. घरी आलेल्या पोरासाठी बाप मेजवानी देते, म्हणून आम्ही हॉलमध्ये गोळाभात केला होता. पोरायच्या पंगती बसल्या. रुपरावजी आले आणि नेहमीसारखे दारात उभे राहिले. मी बोलावलं नाही, माहा स्वभाव तुम्हाले माहीत आहे. मयुरा पंगतीतून उठली, दाराबाहेर गेली आणि त्यायचं बोट धरून उभी राहिली. ओढलं नाही. नुसतं धरलं. ताई, त्या माणसानं बूट काढले. मांडी घालून गोलूच्या बाजूले बसले आणि दोनदा भात मागून घेतला. वरून फोडणीचं तेल कमी आहे म्हणाले, तेव्हा मले बरं वाटलं.

वाढता वाढता मी टीव्हीचं विचारलं. तर म्हणतात, कोणता टीव्ही?

तुमच्या चश्म्याच्या बापाले मी सलाम करून आली. पायाची काळजी घ्या, आणि या भावजयीले अशीच सांभाळा, वांड आहे ती.
तुमची
प्रेमलता


सावनेर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रेमलता हिस,
अ. उ. आ., या खेपेला मोजू नकोस.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि रविवारी इथल्या मंडळीत उभं राहून पाचव्यांदा वाचलं. अंबाड्याच्या जागी सगळे हसले.

पाळकसाहेबांना वेगळं पत्र टाकलं आहे. वर्गाच्या रजिस्टरवर माझं नाव खोडून तुझं घालायला सांगितलं आहे. तिसरी पास असं कंसात लिहायची गरज नाही. मी ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आले आणि तीस वर्षं ती गोष्ट शिकवली. दर वर्षी बापापाशी थांबायचे, टाळ्या घ्यायचे. थोरल्या भावाला आत आणायचं मला कधी सुचलंच नाही, आणि रुपराव तीसही वर्षं त्याच दारात उभे होते.

लिंबाएवढा मोशे मला पाठवून दे, माझ्या गीतांच्या पुस्तकात ठेवीन. बाकी सगळी माणसं आता तुझ्या पोरांची. रंग उडाला तर पुन्हा काढू देत. पण ती मिशी मात्र धुऊ नकोस.

पंधरवड्याचं पान चुकलं तर काठी टेकत येईन, हे समजून असावं.
तुझी
सिंधूताई