माझ्यामागे फुलबाजारचा वर्ग

मी, नवसाबाई गोटीराम विधाते, वय अडुसष्ट, धंदा फुले पिकवणे व विकणे, राहणार मखमलाबाद, नाशिक, माझ्यामागे कोणाला काय द्यावे व काय चालू ठेवावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसे खाली लिहिले आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा माणूस अजून भेटायचा आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. मखमलाबाद शिवारातील माझ्या नावचा फुलांचा मळा, विहिरीतील हिश्श्यासह, माझा एकुलता एक मुलगा महेश याला मिळावा. महेश ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला आहे. तो नेहमी म्हणतो, "आई, तुझ्या सभांच्या चपला राखण्यात माझं लहानपण गेलं." खरेच आहे. पण एकही चप्पल कधी हरवली नाही, याचा मला अभिमान आहे. मळा विकू नये अशी अट घालत नाही. इच्छा मात्र आहे.

२. सोन्याची पोत, पाटल्या आणि पोस्टातली ठेव सून सुवर्णा हिची. मी धरणे धरून रस्त्यावर बसले होते तेव्हा घर आणि मळा तिने सांभाळला आणि एकदाही बोलून दाखवले नाही. माझे सत्कार झाले, तिचा कोणी केला नाही. तो मी इथे करते.

३. धरण्याची निळी सतरंजी माझे दीर भिका यांना द्यावी. "बाईमाणसानं रस्त्यावर बसणं शोभत नाय," असे ते चारचौघांत म्हणाले होते. मी विसरलेले नाही. भाऊजींनी तीवर एकदा तरी बसून पाहावे. ऊबदार आहे.

४. राहते घर महेशचे. मात्र रस्त्याकडची, वेगळ्या दाराची खोली वर्गासाठी राखून ठेवते. कारण सांगते.

१९९४ साली फुलबाजारातली आमची बसायची जागा एका बिल्डरने वाहनतळासाठी मागितली. आम्ही बाया तिथेच धरणे धरून बसलो. सभा घ्यायची सवय मला जुनीच, म्हणून पुढारी मी होते. पुढे तो लांबची दुसरी जागा देऊ लागला, तेव्हा मला वाटले, घ्यावी आणि उठावे. शेजारी बसणारी विमलाबाई म्हणाली, "नवसे, तुला उठायचं तर ऊठ. आम्ही नाय उठणार." आमच्यात मतभेद झाला की टोपलीवर फडके टाकायचे आणि प्रत्येकीने खालून एक फूल सोडायचे, ही पद्धत तेव्हा पडली. बसायचे असेल तर झेंडू, उठायचे असेल तर पांढरी शेवंती. फडके काढले तर टोपली पिवळीधमक. मी हरले, म्हणून बसून राहिले, आणि जागा वाचली. विमलाबाई हे मला अजून आठवड्यातून एकदा ऐकवते.

पुढे गोदातीर विद्यापीठाने सामाजिक बदलासाठी नेतृत्व शिकवणारा अभ्यासक्रम काढला व मला बोलावले. मी म्हटले, शिकवते, पण तुमच्या इमारतीत नाही. मुलांनी सकाळी बाजारात यावे, बायांशेजारी बसून हार गुंफावेत, त्यांचे ऐकावे, आणि दुपारी माझ्या खोलीत भांडावे. वर्ग आजवर तसाच चालला. पाणी, रेशन, दारूबंदी, कशाकशासाठी ही मुले आज गावोगाव उभी आहेत.

आता विभागप्रमुख म्हणतात, "नवसाबाई, तुमच्यानंतर वर्ग चालवणं कठीण आहे. त्यापेक्षा तुमच्या नावानं दरवर्षी एका कार्यकर्त्याचा सत्कार करू." माणूस सज्जन आहे, पण हे मला अजिबात मान्य नाही. सत्कार जरूर करा. लोकांसाठी झिजलेल्यांच्या खांद्यावर शाल पडलीच पाहिजे. पण सत्कार तासाभरात उरकतो. दुसऱ्या दिवशी माणसे कशी जमवायची, आणि आपल्याविरुद्ध गेलेले मत कसे पाळायचे, ते शिकवावेच लागते. तेव्हा वर्ग चालेल तोवर खोली वर्गाची. वर्ग बंद करून नुसता सत्कार उरला, तर खोली बाजारातल्या बायांना टोपल्या ठेवायला द्यावी.

५. विद्यापीठाने माझा सत्कार केला तेव्हा बाया दीडशे आणि शाल एक, अशी गंमत झाली होती. वर्गातली विद्यार्थिनी तेजस्विनी उठली आणि माईकवर म्हणाली, "आजी एकट्या बसल्या नव्हत्या. बाकीच्यांनाही वर बोलवा." तेव्हापासून ती शाल महिन्याच्या पाळीने एकेकीकडे असते. मी जाईन तेव्हा ती जिच्याकडे असेल तिच्याकडेच राहू द्यावी. माझ्या अंगावर घालायला मागून आणू नये. माझी पाळी होऊन गेली आहे.

६. माझ्या जागी वर्ग कोणी घ्यावा? मी म्हणते, तेजस्विनीने. विमलाबाई म्हणते, "पोरगी हुशार हाय, पण उन्हात टोपली घेऊन बसली नाय कधी. वर्ग बाजारातल्या बाईनंच घ्यावा." यावरून आमचे सध्या रोज वाजते. मृत्युपत्र माझे आहे. तेजस्विनीचे नाव घालून मोकळे व्हा, असे वकीलसाहेबांनीही सुचवले. मोह झाला. पण मग इतकी वर्षे मी मुलांना काय शिकवले? म्हणून माझा दहावा झाल्यावर बाजारातल्या बाया व वर्गातल्या मुलांनी त्या खोलीत जमावे आणि टोपलीवर फडके टाकावे. तेजस्विनी हवी त्यांनी झेंडू, बाजारातली बाई हवी त्यांनी शेवंती. निकाल लागेल तो सर्वांनी पाळावा. माझ्या नावाने कोणी फूल सोडू नये. "आजींची इच्छा होती," असे म्हणेल त्याला बाहेर बसवावे, मग तो महेश असला तरी.

साक्षीदारांना या लेखाने काहीही मिळत नाही. विमलाबाईला मुद्दामच काही ठेवले नाही, नाहीतर तिच्या साक्षीवर कोणी बोट ठेवले असते. तिने मनाला लावून घेऊ नये. माझ्या शेजारची जागा तिला मी हयातीतच दिली आहे.

वाचून पाहिले, पटले, सही केली.

नवसाबाई गोटीराम विधाते
मखमलाबाद, नाशिक
११ डिसेंबर २००६

साक्षीदार
१. डॉ. प्रतिभा काठे. बाईंना आज तपासले. समज व स्मरण उत्तम. त्यांनी माझ्यासमोर सही केली.
२. विमलाबाई खोडे. नवसाबाईनं माझ्यासमोर सही केली. माझी सही साक्षीची हाय, मताची नाय. मी शेवंतीच टाकणार. पण तिचा झेंडू टोपलीत नसंल, त्याचं मला लय वाईट वाटंल.