तुळईवरचा डबा

९ नोव्हेंबर
आले एकदाची! दर सुट्टीला हे एकटेच रानात राहायला जातात. मी "मीही येते" म्हटल्यावर यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अगं, तुला नाही झेपणार. खाली नुसत्या फळ्या." म्हटलं, बघू या तुमच्या फळ्या!
घरी चादरीला सुरकुती चालत नाही, आणि इथे तीनच भिंतींच्या लाकडी निवाऱ्यात स्वारी खुशाल घोरते? झरा, काटक्या, सगळं डोळे मिटून सापडतं. पाणी कुठेतरी मुरतंय.

१० नोव्हेंबर
निघताना यांनी पिशवीतून माझा हरवलेला डबा काढला! "उरलेलं पुढच्या माणसासाठी ठेवायचं, इथली पद्धत आहे." ठेवा की. पण उरलेलं म्हणजे शेंगदाणे, नवा साबण, आणि हाताच्या भेगांचं मलम? डबा वर तुळईवर, हळूच.
कुणाच्या हातांची एवढी काळजी? माझे हात भांडी घासून फुटले, तेव्हा दिसले नाहीत! विचारलं, तर "उगाच काहीतरी." कान मात्र लाल. या वयात सवत! हसू की रडू?
पोरगा घरी असता तर त्याच्यापाशी बोलले असते. "पुन्हा दारात पाय ठेवू नकोस," हे ओरडले आणि तो खरंच गेला. दोन वर्षं त्याचं नाव काढायची सोय नाही. डब्याचं झाकण उलटं ठेवतो म्हणून मी सारखी कटकट करायची. आता कुणावर करू?

१६ नोव्हेंबर
पुन्हा आले. सोडते की काय!
चढावर वाट दुरुस्त करणारे मजूर दगड रचत होते. यांनी हात केला. का? ओळखीचे आहेत? लांबचा एकजण उभा राहून बघत राहिला, मग पाठ फिरवली. विचारलं, तर हे बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी बांधलेलीच होती.

१७ नोव्हेंबर
हे झऱ्यावर गेले तेवढ्यात डबा काढला. रिकामा. राखेने घासून लख्ख.
झाकण उलटं.
हे परतले, माझ्या हातातला डबा बघून तिथेच उभे राहिले. "मीच हाकललं ना त्याला. आता कुठल्या तोंडाने ये म्हणू?"
वर दगड ठोकताहेत, इथपर्यंत ऐकू येतंय. मी बूट चढवतेय.