दोन बस, एक डबा आणि बाराच्या आत

२ तारीख, सोमवार. दुपारी १२

डॉक्टरांनी तारीख दिली. सतरा. हिच्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, हल्ली हे रुटीन झालंय. मी मान डोलावली. रुटीन काय असतं ते मला कोणी सांगायला नको. एकतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होतो. मी पूर्ण शांत आहे. येताना आम्ही उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो, पण त्या निमित्ताने तोही रस्ता बघून झाला.

बसमध्ये हिने विचारलं, मी तिकडे असताना तुम्ही जेवणार काय. मी म्हटलं, माझं सोड, तुझंही मीच करून आणीन. तिने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. दोन स्टॉप गेले तरी बाहेरच बघत होती. भारावली असावी.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मी स्वयंपाक केलेला नाही, पण त्यावर देखरेख भरपूर केली आहे.

३ तारीख, मंगळवार

हॉस्पिटलला फोन केला. ऑपरेशननंतर चौथ्या दिवसापासून घरचं चालतं. मात्र डबा बाराच्या आत यायला हवा. बाराला वॉर्डचं दार बंद, ते थेट चारला उघडतं. हे फार महत्त्वाचं, कारण ही तिथलं खात नाही. मागच्या महिन्यात तपासण्यांसाठी दोन दिवस ठेवलं होतं, तेव्हा दोन दिवसांत तीन चमचे खाल्ले.

टाइमटेबल केलं. सहाला भाज्या चिरणे. साडेसातला सूप तयार. साडेआठला डबा बंद. नऊ पाचची १४ नंबर. बाजार स्टॉपला उतरून ६२ नंबर. दहा वीसला वॉर्डात. म्हणजे एक तास चाळीस मिनिटं शिल्लक. एवढ्यात माणूस दोनदा पोचेल. कागद फ्रिजवर लावला. हिने वाचला आणि विचारलं, यात भांडी कधी घासायची. तो बारीकसारीक तपशील आहे.

५ तारीख, गुरुवार

लाल भोपळ्याचं सूप. सुरी बोथट निघाली, म्हणून भोपळा फरशीवर आपटून फोडला. खालच्या मजल्यावरचे पेन्शनर वर आले, कोण पडलं विचारायला. म्हटलं, स्वयंपाक चाललाय. ते जरा वेळ दारातच उभे राहिले.

भांडं खालून लागलं. ते मुळात जुनंच होतं. सूपला किंचित धुराचा वास आला. असा वास काही ठिकाणी मुद्दाम आणतात म्हणे. हिने सूप थोडं आणि ब्रेड पुष्कळ खाल्ला. ब्रेडची भूक वाढली, हे चांगलं लक्षण.

७ तारीख, शनिवार

डबा घेऊन रंगीत तालीम. डब्यात नुसतं पाणी. कागदावर सव्वा तास, प्रत्यक्षात एक तास पंचावन्न मिनिटं. हल्लीचे ड्रायव्हर स्टॉपवर नको तितका वेळ घालवतात. एका आजीबाईंना चढायला पूर्ण मिनिट दिलं. आमच्या वेळी असं नव्हतं. वर चढून ती आजीबाई मला म्हणाली, आजोबा, जरा सरका.

बाजार स्टॉपला ६२ ची वाट बघताना समोर एक छोटं खाणावळीसारखं दुकान दिसलं. चार टेबलं, एक मोठं पातेलं, पातेल्यामागे साठीची एक बाई. सूप आणि पाव. अभ्यास म्हणून आत गेलो. पहिला घोट घेतला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा खांदे खाली आले. ते वर होते, हे तोवर माहीत नव्हतं. अभ्यासासाठी दुसरा बाऊल घ्यावा लागला.

९ तारीख, सोमवार

सूपवालीकडे परत. (वाटेत आहे.) आज मटार. मी सरळ विचारलं, तुमच्या सूपला अशी चव कशी येते. ती हसली. म्हणाली, कांदा सावकाश परतायचा आणि शेवटी हे टाकायचं. एप्रनच्या खिशातून चंदेरी कागदातला सूपमसाल्याचा चौकोनी क्यूब काढून दाखवला. एवढ्या पातेल्याला किती, तुमच्या भांड्याला किती, सगळं सांगितलं. मग विचारलं, कोणासाठी करताय, घरी कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, छे, सहज, हौस म्हणून. घरच्या गोष्टी बाजारात कशाला.

संध्याकाळी भूक नव्हती. ही म्हणाली, ऑपरेशनच्या काळजीने जेवण जात नसेल. मी तो गैरसमज तसाच राहू दिला.

११ तारीख, बुधवार

ही स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसली आणि सूचना देऊ लागली. गॅस बारीक. आणखी बारीक. ढवळा. तळाशी ढवळा. मी म्हटलं, एका गाडीला दोन टाइमकीपर नसतात. ती म्हणाली, गाडी जळतेय.

मग कांद्याची टोपली खालून वर घ्यायला वाकली आणि तशीच थांबली. एक हात ओट्यावर. मी घड्याळ लावून श्वास मोजले. जुनी सवय. मिनिटाला एकतीस. तिला आकडा सांगितला नाही. ती म्हणाली, काही नाही, वाकल्यामुळे. मी म्हटलं, हो, वाकल्यामुळेच. टोपली आता वरच्या फळीवर ठेवली आहे. तिथे तिचा हात पोचत नाही. माझाही नाही.

१३ तारीख, शुक्रवार

यश. गाजर, कांदा, बटाटा, तीन क्यूब. लेक आली होती, तिला बाऊल दिला. तिने एक चमचा घेतला आणि विचारलं, बाबा, हे तुम्हीच केलंत? माझ्याकडे नाही, आईकडे बघून विचारलं. आईने मान हलवली. लेकीने सगळं संपवलं. स्वयंपाक हे काही मोठं शास्त्र नाही. बायकांनी उगाच वाढवून ठेवलं आहे. (हे वाक्य इथेच ठेवायचं. बाहेर बोलायचं नाही.)

१६ तारीख, सोमवार. संध्याकाळी ५

हिला अ‍ॅडमिट केलं. नर्सने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. मी खिशात टाकल्या. जिना उतरताना वाजत होत्या, म्हणून रुमालात बांधल्या. जाताना ही म्हणाली, दुधाचं पातेलं झाकून ठेवा. एवढंच. मी पण एवढंच म्हटलं, झाकतो.

१७ तारीख, मंगळवार

सकाळी ७.४०. आत नेलं. मी शांत.

९.१५. लेक आणि जावई आले. लेकीचे डोळे सुजलेले. मी तिला धीर दिला.

१०.४०. तीन तास म्हणाले होते. झाले.

११.२०. दार उघडलं. दुसऱ्याच कोणासाठी.

११.३०. लेक विचारते, बाबा, एवढा वेळ का. मी डेपोतला नियम सांगितला. उशीर म्हणजे फेरी रद्द नव्हे. ती म्हणाली, बाबा, प्लीज.

११.५०. जावई हळूच म्हणाले, तुम्ही गेल्या तासात अकरा वेळा वेळ सांगितलीत. बारावी वेळ मनात ठेवली.

१२.१५. मनातच.

१२.३५. डॉक्टर बाहेर आले. झालं म्हणाले. झडप नीट बसली. मी त्यांना थँक्यू म्हणून खाली चहा घ्यायला गेलो. चहा घेतला नाही. कँटीनच्या मागे भाजीच्या रिकाम्या क्रेटवर बसलो. तिथे हवा चांगली आहे.

१९ तारीख, गुरुवार

आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला. वयाने लेकीएवढी. पातळ, मऊ, तेल कमी, मीठ अगदी चिमूटभर. पुन्हा पुन्हा विचारत होती, कळलं ना काका. मी म्हटलं, बाई, मी कागदावर चालणारा माणूस आहे. चिमूट म्हणजे दोन बोटांची की तीन, तेही विचारून घेतलं. दोन.

२० तारीख, शुक्रवार

पहाटेपासून तयारी. सूप उत्तम. मीठ दोन बोटांची चिमूट, त्यातलंही थोडं परत बरणीत टाकलं. क्यूबबद्दल कागदावर काही नाही, म्हणून ते चार.

१४ नंबर वेळेवर. ६२ मध्ये बसायला जागा मिळाली. डबा मांडीवर, कोमट. झाकण नीट आहे ना ते बघत होतो. मग बस रिकामी झाली आणि कंडक्टर म्हणाला, काका, शेवटचा स्टॉप. हॉस्पिटल चार स्टॉप मागे राहिलं होतं. झोप वगैरे नाही. झाकणावर लक्ष होतं.

परत चालत. १२.०७. वॉचमन म्हणाला, चारला या. मी त्याला सांगितलं, मी स्वतः वेळ पाळण्याच्या खात्यातला, सात मिनिटं म्हणजे उशीर धरत नाहीत. तो म्हणाला, इथे धरतात.

चारपर्यंत बाकावर बसलो. चारला सूप थंड. नर्सने थंड सूप देऊ दिलं नाही. हिने विचारलं, काय आणलं होतं. मी म्हटलं, उद्या कळेल.

२१ तारीख, शनिवार

११.१०. वॉर्डात. हिने पूर्ण बाऊल संपवला. पूर्ण. नर्ससुद्धा म्हणाली, आज पहिल्यांदाच जेवल्या. हिने तोंड पुसलं आणि छान झालंय म्हणाली. एक्केचाळीस वर्षांत मी हे तिला किती वेळा म्हटलं असेन, ते आठवायचा प्रयत्न केला. बरेचदा म्हटलं असणार.

२२ तारीख, रविवार

पुन्हा पूर्ण बाऊल. आता दुप्पट आणायचं ठरवलं. बाजार स्टॉपला उतरलो तेव्हा सूपवालीला दुरून हात केला, बरोबरीच्या नात्याने. डेपोतल्या निवृत्त मंडळींसाठी स्वयंपाकाचा वर्ग काढावा असं मनात आहे. आठवड्यातून दोनदा. नावनोंदणी आधी.

२३ तारीख, सोमवार

१०.५०. हिच्या घोट्यांवर सूज. म्हणाली, पाय जड झालेत. मी म्हटलं, झोपून झोपून होतं. सूप दिलं. दीड बाऊल.

४.२०. श्वास मोजले. चौतीस. दोनदा मोजले. दुसऱ्यांदा छत्तीस. नर्सला बोलावलं. तिने पायावर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. मग तीन-चार जण आले आणि मला बाहेर काढलं. काचेतून दिसलं, ऑक्सिजन लावला. दोन दिवसांत वजन अडीच किलो वाढलं म्हणे. हवा बदलली आहे, त्याने असेल.

२४ तारीख, मंगळवार

डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देताय. आहारतज्ज्ञ बाई आल्या. मी त्यांना माझा कृतीचा कागद दिला. वेळा लिहिलेल्या, मापं लिहिलेली, मिठाखाली लाल रेघ. त्या वाचत खाली गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. विचारलं, काका, क्यूब चार?

मी म्हटलं, त्यात मीठ नाही घातलेलं, नुसते क्यूब आहेत. त्यांनी फोनवर पाकिटाची मागची बाजू काढून दाखवली. अक्षरं बारीक होती. त्यांनी मोठी केली. मग मला दिसलं. एका क्यूबमध्ये जवळजवळ दिवसभराचं मीठ.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मी क्यूबचं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, नाही, मी विचारायला हवं होतं. हे मी म्हटलं का, की नुसतं मनात आलं, ते नीट आठवत नाही.

लेक कॉरिडॉरमध्ये उभी होती. तिने पाण्याची बाटली दिली.

संध्याकाळी ६. मिठाने अंगात साठलेलं पाणी औषधाने लघवीतून उतरलं, श्वास पंचवीसवर. पाच मिनिटं आत सोडलं. मी हिला सांगितलं, माझ्या सूपमुळे झालं. ती ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाली, खारट होतं, कळत होतं. मी विचारलं, मग का खाल्लंस. म्हणाली, बाकी कशालाच चव नव्हती. श्वास घेऊन म्हणाली, आणि तुम्ही झाकण उघडताना माझ्या तोंडाकडे बघत होतात.

डिस्चार्ज चार दिवस पुढे गेला.

२५ तारीख, बुधवार

डबा नाही. हॉस्पिटलचंच जेवण, लेक भरवते. रिकाम्या हाताने १४ नंबरमध्ये बसलो. बाजार स्टॉपला ६२ उभी होती, ती जाऊ दिली. सूपवालीकडे गेलो आणि सांगितलं. हौस नव्हती, बायकोचं हृदयाचं ऑपरेशन होतं. क्यूबचंही सांगितलं. तिने हात पुसले, पातेल्यामागून बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, तेव्हाच बोलला असतात तर मी म्हणाले असते, घालू नका. मग विचारलं, आता बऱ्या आहेत ना. मी हो म्हणायला गेलो आणि रुमाल काढावा लागला. दुकानात चार माणसं होती. सगळी आपापल्या बाऊलमध्ये बघत होती.

२९ तारीख, रविवार

काल घरी आणलं. श्वास अठरा. आज लेक म्हणाली, आठवडाभर मी डबे पाठवते. मी म्हटलं, आजच्या दिवस मी करतो, क्यूबशिवाय, मिठाशिवाय. लेकीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली.

भोपळा. कांदा सावकाश परतला, बावीस मिनिटं. दोन बाऊल, कारण मीही तेच खायचं ठरवलं. हिने एक चमचा घेतला. मी तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून खिडकीकडे बघत होतो. तिने विचारलं, तुम्ही चव घेतलीत का. घेतली. गरम पाण्यात भोपळा बुडवून काढल्यासारखी.

ती उठली. मी म्हटलं, तू बस. ती नाही बसली. माझ्या खांद्यावर हात ठेवून स्वयंपाकघरापर्यंत आली, सोळा पावलं, मध्ये एकदा थांबून. फ्रिजमधून लिंबू काढून माझ्या हातात दिलं, कापायला लावलं. दोन्ही बाऊलमध्ये पिळायला लावलं, वर मिरपूड. मग ओट्याला टेकून उभ्यानेच एक चमचा घेतला. मीही घेतला.

आम्ही दोघांनी सगळं संपवलं.

लिंबू मला सुचलं नव्हतं. खरं तर मला काहीच सुचलं नव्हतं. उद्यापासून मी फक्त ढवळायचं. बाकीचं ती स्टुलावर बसून बघेल.