मेणातला तुकडा

वडनेर भोलजी,
२० ऑगस्ट २०२३

चि. पूनम हिस,
वंदनाआत्याचे अ. उ. आ.

फोन तुझ्या बाबांच्या उशाशी असतो आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत, म्हणून हे पत्र. मेहकरला माझ्याकडे शिकायला होतीस तेव्हा दर रविवारी तुला घरी पत्र लिहायला बसवायचे. तू मजकुरापेक्षा समास सुंदर आखायचीस. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर तुझ्यावर खूष झाल्या असत्या.

अकोल्याच्या डॉक्टरांनी बाबांच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासला. कॅन्सर आहे. त्यांनी साध्या आवाजात सांगितलं आणि आम्हीही साध्या आवाजात बरं म्हटलं. येताना शेगावच्या फाट्यावर चहासुद्धा प्यायलो.

तो तुकडा मेणाच्या छोट्या वडीत बसवून त्यांनी आमच्याच हाती दिला. पेशींवर एक ठरावीक रिसेप्टर, म्हणजे औषध जाऊन चिकटतं ती जागा, आहे का, ते बाहेरच्या लॅबमध्ये बघून घ्या म्हणाले. असेल तर त्याच्यावर चालणारं औषध सलाईनमधून देता येईल, नसेल तर नुसती केमो. केमो तुझ्या आईने सोसताना बाबांनी पाहिली आहे. नुसत्या केमोसाठी मी येणार नाही, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं. म्हणजे आता सगळं त्या रिसेप्टरवर आलं आहे.

तू पुण्याला संशोधनाच्या लॅबमध्ये त्याच रिसेप्टरवर काम करतेस, हे त्यांच्या पक्कं लक्षात आहे. घरच्या पोरीच्या फ्रीजमंधी ते हाये तं बाहेर काऊन द्याव, म्हणे. आपल्या दुकानातले निवृत्तीभाऊ लेकाकडे पुण्याला निघाले आहेत, त्यांच्याबरोबर वडी पाठवली आहे. जेवणाच्या डब्यात वरच्या खणात आहे. लोणच्याच्या शेजारी ठेवू नका, एवढं मात्र मी बजावलं.

नीट जेवत जा. आत्याची माया आहे, तीत कमी पडलं तर कळव.

तुझी
वंदनाआत्या


पुणे,
२८ ऑगस्ट २०२३

ती. आत्याबाईंना,
पूनमचा सा. न. वि. वि.

वडी पोचली. निवृत्तीकाका गेटवर ती दोन्ही हातांत धरून उभे होते, प्रसादासारखी.

आत्या, माझ्या फ्रीजमध्ये औषध नाही. आहे ती अँटिबॉडी, नुसती शोधणारी. एकाच पेशीची सगळी लेकरं ती बनवतात, म्हणून बाटलीतल्या प्रत्येक थेंबाची ओळख एकच असते. ती रिसेप्टरचा एक कोपरा तेवढा ओळखते आणि त्याला जाऊन चिकटते. तिला चमकणारा रंग जोडलेला असतो. पेशी चमकली तर रिसेप्टर आहे. मी रोज जिवंत पेशींवर हेच करते आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडतं. अंधारात हिरवी कडी दिसते, बांगडीसारखी गोल.

पण बाटलीवर लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी, रोग्याच्या तपासणीसाठी नाही. हे मी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, बाटलीले काय मालूम आपण कोण हाओत. हसून ठेवला त्यांनी फोन.

मला नाही म्हणता येत नाही. येत्या रविवारी लॅबमध्ये कोणी नसेल. मैत्रिणीकडून वडीचे पातळ काप करून घेतले आहेत. मी बघते, पण त्याला रिपोर्ट म्हणू नका. वडीसुद्धा पुढच्या आठवड्यात रीतसर लॅबला देईन.

तुमचा गुडघा कसा आहे ते लिहिलं नाहीत. आहे तशी माझ्यावर नजर असू द्या.

तुमची
पूनम


वडनेर भोलजी,
१७ सप्टेंबर २०२३

चि. पूनम हिस,
अ. उ. आ.

तुझा फोन आला तेव्हा मी ताक घुसळत होते. नाहीये बाबा, काहीच चमकलं नाही, एवढं तू म्हणालीस आणि ते ऐकून त्यांनी बरं म्हटलं. मग उठून अंगणातली बाज सावलीत ओढली. मी ताक घुसळायची थांबले नाही, हे मला नंतर कळलं.

अकोल्याला जायचं त्यांनी सोडून दिलं आहे. वडी लॅबला देऊ नको, तुला तसं कळवायला सांगितलं आहे. तिनं पाह्यलं, आता अजून काय पाहाच राह्यलं, म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की माझ्या पोरीनं सोता दुर्बिणीत पाह्यलं. त्यात थोडी ऐटसुद्धा असते, पूनम. तुझा फोटो दाखवतात, पांढऱ्या कोटातला.

भाकरी उतरत नाही, पेज घेतात. दुकान बंद केलं. घरात सगळं वेळच्या वेळी होतं, मी भांडी घासते, दिवा लावते, पण कुणीतरी दुसरंच करतंय आणि मी बघते आहे, असं वाटतं. रडूही येत नाही. तुला येतं का?

तुझं मन घट्ट राहो. इकडची माया आहे तिथेच आहे.

तुझी
वंदनाआत्या


पुणे,
९ ऑक्टोबर २०२३

ती. आत्याबाईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना वाचून दाखवा. फोनवर मी दोनदा प्रयत्न केला, ते जेवलीस का विचारतात आणि ठेवून देतात.

माझ्या शेजारी अदीबा म्हणून सीनियर बसते. मागच्या आठवड्यात तिला सहज बोलता बोलता सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की ही अँटिबॉडी मेणातल्या तुकड्यावर चालते का? मी उठून बाटलीबरोबरचा कागद काढला.

ती चालत नाही, आत्या. माझी अँटिबॉडी रिसेप्टरला जिवंतपणी, त्याच्या मूळ घडीत ओळखते. तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवून मेणात घातला की ती घडी मोडते. रिसेप्टर तिथेच असतो, पण तिला तो ओळखू येत नाही. मेणासाठी वेगळी अँटिबॉडी असते. मी रविवारी शेजारी खात्रीसाठी माझ्या जिवंत पेशी ठेवल्या होत्या. त्या झगझगीत हिरव्या झाल्या, म्हणून मला वाटलं सगळं बरोबर आहे. ठेवायला हवा होता तो मेणातलाच, रिसेप्टर नक्की असलेला तुकडा. मला दिसलं नाही, एवढंच खरं होतं. मी नाहीये म्हटलं.

वडी मी त्याच दिवशी रीतसर लॅबला दिली. काल रिपोर्ट आला. रिसेप्टर आहे, भरपूर आहे. अकोल्याच्या डॉक्टरांना तो पाठवला, ते लगेच या म्हणतात. एक महिना गेला त्याचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही.

मी सुट्टी टाकू का? तुम्ही म्हणाल तशी येते. माझ्यावरचा लोभ या वेळी मागायची हिंमत नाही.

पूनम


वडनेर भोलजी,
६ नोव्हेंबर २०२३

चि. पूनम हिस,
अ. उ. आ., नेहमीचेच, एकही कमी न करता.

पत्र त्यांना वाचून दाखवलं. आधी त्यांना ते खरं वाटेना. पोरीचा जीव तुटून राह्यला म्हणून आता हाव, हाये म्हणून राह्यली, म्हणे. रिपोर्टचा कागद समोर धरला तर म्हणाले, हे कोण माणसं, मी तं वळखत नाही. तुझ्या एका शब्दापुढे तुझाच दुसरा शब्द चालेना. म्हणून तुझ्या पत्रातला मेणाचा भाग मी पुन्हा वाचला, सावकाश, वर्गात वाचायचे तसा.  ते ऐकून त्यांनी विचारलं, हे तिच्या ऑफिसात कोणाकोणाले मालूम हाये? मी म्हटलं, एकट्या अदीबाला. त्यावर म्हणाले, सकाळच्या गाडीनं निघू.

नव्या तपासणीत गाठ थोडी पसरलेली दिसते. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडेलही, आताच काही सांगता येत नाही. पहिलं सलाईन झालं, थंडी वाजली तेवढीच. केमोही त्याच्या जोडीने आहे, तीसुद्धा त्यांनी मुकाट्याने घेतली. सुट्टी पुढच्या सलाईनला टाक, तेव्हा मला तुझा उपयोग आहे.

एक सांगायचं राहिलं. सलाईन लावताना सिस्टरने त्यांना रागावून विचारलं, की ऑगस्टमध्ये सांगितलं असताना इतके दिवस कुठे होतात. मी खुर्चीवर होते. ते म्हणाले, सीझनचे दिवस होते, दुकान सोडता आलं नाही, चुकलंच माझं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलते का म्हणून.

मी सिस्टरला सांगितलं, हो, यांचं हे नेहमीचंच.

तू आलीस की तूही हेच सांगायचं आहेस. माझा जीव तुम्हा दोघांत आहे, सांभाळून ये.

तुझी
वंदनाआत्या