टाळ घरीच ठेवले

५ जानेवारी २००३, रविवार

चाळीस गळ्यांची कविता आणि वर पत्र्यात तिचा घुमारा — सकाळपासून कानात तेच. हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या शाळेत मी शिपाई होतो. गुरुजी एक ओळ म्हणत, वर्ग ती उचले, मी दाराशी रांजण भरत उभा. बत्तीस वर्षांत चौथीपर्यंतच्या सगळ्या कविता अशाच पाठ झाल्या. पुस्तक हातात न घेता!

आता आजचं. लिहवत नाही, तरी लिहितो.

हिंगोलीच्या दवाखान्यातल्या लेकरांच्या वार्डात दिवाळीपासून दर रविवारी मी पेटी घेऊन गाणी म्हणायला जातो. मोठ्या दुखण्याची लेकरं, महिना महिना तिथंच. त्यात आठ वर्षांची दीपमाला माझी लाडकी. काळजाला भोक आहे तिच्या. ओठ निळे, दम लगेच लागतो. अख्खी ओळ तिला म्हणवत नाही, म्हणून तिच्यापुरतं गाणं मीच जुळवलं — ओळ माझी, शेवटचा शब्द तेवढा तिचा. मी म्हणतो, 'कळपामागं चालतंय कोण?' ती श्वास गोळा करते आणि म्हणते, 'बा!' मेंढपाळाची लेक ती. तेवढ्या एका शब्दावर अख्खा वार्ड हसतो. वीस तारखेला तिला औरंगाबादला ऑपरेशनला न्यायचं ठरलंय. डॉक्टर म्हणतात, झालं की पळेल.

आज म्हटलं, जरा थाट करावा. आमचं भजनी मंडळ सोबत नेलं. किसनरावांचा मृदंग, उत्तमसिंगचे टाळ, खांद्यावर पांढरी उपरणी. दारातूनच गजर करत आत शिरलो.

आणि दीपमालाची आई, सिंधूबाई, किंचाळली! पोरीला पदराखाली ओढलं. "कोनी बलावलं यास्नी? माझं लेकरू जित्तं हाय अजून!"

किसनरावांचा हात मृदंगावर तसाच राहिला. आमच्या खेड्यांत माणूस शेवटच्या घटका मोजायला लागला की असंच मंडळ बोलावतात. आम्ही तिघं अशा किती उंबऱ्यांवर गेलोय! टाळ ऐकला की घरातल्या बायका समजतात. हे आमच्याहून जास्त कोणाला ठाऊक? आणि आम्हालाच आठवलं नाही.

७ जानेवारी

वार्डातली आया रूपाबाई भाजीबाजारात भेटली. दीपमालाचा बाप ज्ञानबा आला आणि अंगठा देऊन पोरीला घरी घेऊन गेला. नेऊ नका म्हणून डॉक्टरांनी हात जोडले. तो एवढंच म्हणाला म्हणे — "टाळ वाजून गेले. आता चिरफाड काहून? मेंढ्यांजवळ तरी राहील."

माझ्यामुळं. माझ्या हौसेमुळं.

८ जानेवारी

पेटीवरचं फडकं काढलं नाही.

१० जानेवारी

तीन दिवस जेवण जात नाही म्हणून बायकोनं धारेवर धरलं. सखुबाईपुढं लपवाछपवी चालत नाही. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, मग म्हणाली, "शाळंत कधी घंटा भलत्याच टायमाला वाजवली का तुमी?"

"एकदा. पोरं दप्तरं घेऊन पळाली."

"मंग काय केलं?"

"मागं पळालो. एकेकाला हाका मारून आणलं."

"आन् आता वहीत काय लिहून राहिले? पळा की मागं!"

१२ जानेवारी, रविवार

जीपनं गोरेगावला. तिथून दीड कोस पायी. एकाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्यात, तिथं ज्ञानबाचं बिऱ्हाड. किसनराव, उत्तमसिंग दोघंही आले. पेटी, टाळ, मृदंग — सगळं घरी. उत्तमसिंग वाटभर हात चोळत होता. "हातात टाळ नसला का मला नागडं वाटतं, बाबा." किसनराव म्हणाले, "मंग धोतर धरून चाल!" हसलो. लगेच लाज वाटली हसण्याची.

ज्ञानबानं लांबूनच ओळखलं. "आता तेराव्याला आले काय?"

किसनरावांनी पागोटं काढून हातात घेतलं. पन्नास वर्षांत मी ते कोणापुढं उतरलेलं पाहिलं नव्हतं. "चूक आमची झाली, ज्ञानबा. पोरीला बरं वाटावं म्हणून आलतो. दुसरं काही न्हाई."

"माझा बाप गेला तवा तुमीच व्हते. तेच तिघं. सिंधूनं बराबर वळखलं." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दीपमाला घोंगडीवर बसली होती, मांडीत कोकरू. मला बघून हसली. ओठ आणखी निळे झालेत. मी न विचारताच ओळ टाकली, पेटीवाचून, चिरक्या आवाजात — 'कळपामागं चालतंय कोण?'

तिनं बराच वेळ श्वास गोळा केला. "बा."

ज्ञानबाची काठी जमिनीत रुतली ती तिथंच राहिली. तो कायम मेंढ्यांमागं, हे गाणं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. पोरगी मला म्हणाली, "आजोबा, आवरंगाबादला गानं असतंय का?" मी बापाकडं पाहिलं. बाप मेंढ्यांकडं.

"उन्हं कलली," तो म्हणाला. "जीप जाईल तुमची."

१४ जानेवारी, संक्रांत

सखुबाईनं तिळगुळाचा डबा भरून दिला. वार्डात वाटला. पेटी उघडली, तीच ओळ म्हटली. शेवटच्या शब्दाची जागा मोकळी. मग खिडकीजवळच्या पलंगावरनं वैष्णवी हळूच म्हणाली — "बा." दीपमालाच्या वाटणीचं तिनं सांभाळून ठेवलं होतं! मला पुढचा सूर सापडेना.

१७ जानेवारी

रूपाबाईकडून कळलं, डॉक्टरांनी वीस तारीख मोडलेली नाही. तीन दिवस उरले.

१८ जानेवारी

कोणी आलं नाही. रस्त्यावरून मेंढ्यांचा कळप गेला. धावत बाहेर गेलो. दुसऱ्याच कोणाचा.

१९ जानेवारी, रविवार

घाईत लिहितोय, सखुबाई आत चहा टाकून राहिली तेवढ्यात.

आत्ता तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "अवो, घोंगडीवालं कोनीतरी आलंय." दारात ज्ञानबा. एकटाच! त्याच्या तोंडाकडं बघवेना.

"पोरगी स्टँडवर हाय, आईपाशी," तो म्हणाला. "तुमी आल्याबिगर एष्टीत चढत न्हाई म्हनती. उद्या आपरेशन हाय ना?"

मी पेटीवरचं फडकं ओढलं. तो उंबऱ्यावरून हलेना. भिंतीकडं बघत म्हणाला, "टाळवाल्यालाबी सांगा. पोरगी आपल्या पायानं भाईर येईल तवा वाजवाया लागतील."