आरशासारखी दारं

तीर्थरूप थिओडोशियाआत्यांना,

माल्टाच्या बंदरातून लायनेलचा सादर नमस्कार. तुमचा संधिवात कसा आहे? आणि पोपट? (अजून आतोबांच्या आवाजात शिव्या देतो का?) मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

थोरल्याला जहागीर, मधल्याला चर्च, धाकट्याला समुद्र, ही आपल्या घरची वाटणी. तेराव्या वर्षी मला बोटीवर चढवलं आणि तेव्हापासून माझी प्रत्येक बढती तुमच्या जेवणाच्या टेबलावर ठरली. (आतोबा नौदल कचेरीत असल्यावर मला वाऱ्याची दिशा कळायची गरजच काय, असं दोस्त म्हणतात.) उरलेलं काम पॉलिश करतं. आमच्यात जहाज लढतं कसं हे कुणी बघत नाही, चकाकतं किती ते बघतात. तोफा डागल्या की रंग काळवंडतो, म्हणून सरावाचे गोळे आम्ही गुपचूप समुद्रात सोडतो.

तर अॅडमिरलसाहेब पाहणीला येणार होते. जहाजाच्या पोटात लोखंडी दारं असतात. एका खणात पाणी शिरलं की दार लावून बाकीचे खण वाचवायचे. ती मी कानशीने घासून आरशासारखी करून घेतली. साहेबांनी दाराच्या आरशात बघून मिशीला पीळ दिला आणि माझं नाव कॅप्टनपदासाठी पाठवलं. पुढच्याच आठवड्यात आम्ही खडकाला घासलो. (खडक नकाशावर होता. नकाशा मळू नये म्हणून गुंडाळून ठेवला होता.) दारं लावली, तर झिजलेल्या कडांतून चहूकडून पाणी. गॅड नावाचा, भट्टीत कोळसा टाकणारा खलाशी गळ्याएवढ्या पाण्यात पंप मारत राहिला, म्हणून कसेबसे चिखलात जाऊन टेकलो. वर आल्यावर तो म्हणाला, "दार झकास आहे, साहेब. बुडताना माणसाला आपलं तोंड तरी दिसतं."

सगळे हसले, मीही हसलो. मग केबिनमध्ये जाऊन बसलो, आत्या. फार लाज वाटली.

आपला,
लायनेल

ता.क. खडकाचं प्रकरण साहेबांनी 'किरकोळ ओल' म्हणून मिटवलं. (उमरावाच्या मुलाचं जहाज बुडत नसतं.) वर साऱ्या ताफ्याला तशीच दारं घासायचा हुकूम काढलाय. आतोबांना सांगून तो थांबवा. कारण विचारलं तर माझं नाव सांगा. कॅप्टनपद गेलं तर गेलं.

ता.क. दुसरा. बढतीचा हुकूम आत्ताच हातात पडला. मोठं जहाज, सातशे माणसं. खरं सांगतो, हे पत्र फाडायला घेतलं होतं. मग ते जहाज बघून आलो. दारं घासून झाली आहेत. माझी माणसं त्यांच्यामागे झोपणार आहेत, आत्या. पत्र मिळेल त्याच दिवशी, जेवायला बसायच्या आधी आतोबांना हे वाचून दाखवा.